गोवरीवरचा विस्तव, घोटभर पाणी

दोन घरांचं अजिबात पटत नसलं की मराठीत आपण दोन गोष्टी म्हणतो. त्यांच्यातून विस्तव जात नाही. किंवा, ती एकमेकांना पाण्यात पाहतात. माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. त्यांच्या लहानपणी आगपेटी ही जपून वापरायची वस्तू होती. पहाटे ज्या घरातली चूल आधी पेटे तिथून शेजारीण गोवरीच्या तुकड्यावर निखारा मागून नेई. ज्या घराशी वाकडं, तिथे विस्तव मागायला जायचं नाही आणि तिथलं कुणी आलंच तर चूल विझली म्हणून सांगायचं. सासूबाईंच्या तोंडी ‘विस्तव जात नाही’ हे शब्द आले की त्यांच्या डोळ्यांपुढे कुठलं तरी खरंखुरं घर असे, त्याचं दार आणि दारात उभी असलेली बाई असे.

२०२३ च्या जूनमध्ये सातारा रस्त्यावरच्या मल्टिप्लेक्समध्ये पिक्सारचा ‘एलिमेंटल’ पाहताना मला सासूबाईंचे ते शब्द आठवत राहिले. मधल्या खुर्चीत सहा वर्षांची नात. तिच्या एका बाजूला मी, तिच्या आईची आई. दुसऱ्या बाजूला तिची दादी. आम्ही साताऱ्याकडचे मराठे, रविवारी मटण शिजलं नाही तर घरात कुणी आजारी आहे का असं शेजारी विचारतात. दादीचं घर मारवाडी जैन. चार पिढ्या नगर जिल्ह्यात काढून हे कुटुंब पुण्याच्या भुसार बाजारात आलं. पडद्यावर आगीची मुलगी आणि पाण्याचा मुलगा एकमेकांच्या प्रेमात पडत होते. इंग्रजी संवाद भरभर निघून जात आणि नात आम्हा दोघींच्या कानात आळीपाळीने मराठीत सांगत होती.

गोष्ट थोडक्यात अशी. एलिमेंट सिटी नावाच्या शहरात आधी पाण्याची माणसं आली, मग मातीची, मग हवेची. आगीची माणसं सगळ्यांत शेवटी. फायरलँड सोडून आलेल्या नवराबायकोची मूळ नावं बंदरावरच्या अधिकाऱ्याला उच्चारता येत नाहीत, म्हणून तो त्यांना बर्नी आणि सिंडर करून टाकतो. त्यांना भाड्याने खोली कुणी देत नाही. शेवटी शहराच्या कडेला एका पडक्या इमारतीत ते दुकान थाटतात. त्यांची मुलगी एम्बर तिथेच वाढते आणि पुढे हे दुकान तिचं, हे तिच्या जन्मापासून ठरलेलं असतं. मग दुकानाचा नळ फुटतो आणि त्यातून वेड रिपल नावाचा पाण्याचा मुलगा वाहत येतो. तो महापालिकेसारख्या खात्यात तपासनीस आहे. एम्बरच्या आजीने मरताना सांगून ठेवलेलं असतं, लग्न आगीशीच कर.

ही आजी खरी आहे. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाहून न्यूयॉर्कला गेले आणि ब्राँक्समध्ये त्यांनी किराणा मालाचं दुकान चालवलं. त्यांच्या आजीने अखेरच्या क्षणी कोरियन मुलीशीच लग्न कर असं बजावलं होतं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. लग्न त्यांनी कोरियन नसलेल्या मुलीशी केलं. शाळेत मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाहताना त्यातला एकेक चौकोन त्यांना बहुमजली इमारतीतल्या खोलीसारखा दिसे, एका खोलीत एक कुटुंब, शेजारी दुसरं. चित्रपट तयार होत असतानाच त्यांचे वडील गेले आणि आईही गेली. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ‘एलिमेंटल’ने ३ कोटी डॉलरही जमवले नाहीत. पिक्सारचं हे मोठं अपयश म्हणून लोक मोकळे झाले. मग तो हळूहळू चालत राहिला. एकट्या दक्षिण कोरियात ७० लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली आणि जगभरची कमाई ४९ कोटी डॉलरच्या पुढे गेली. सासरी-माहेरी ज्यांच्या घरात असं काही घडलं आहे, ती माणसं आपापल्या म्हाताऱ्यांना घेऊन गेली असणार, असं मला वाटतं. आम्ही तशाच गेलो होतो.

मी बिबवेवाडीत १९९४ पासून राहते. ‘अप्पर डेपो’ची पाटी लावलेली बस इथला चढ चढू लागली की थोडक्या वेळात चार गावं बदलल्यासारखं वाटतं. खाली मार्केट यार्ड: धान्याची, गुळाची, मिरचीची पोती, फुलांचा बाजार, हमाल भवन. गंगाधाम चौकाच्या बाजूला व्यापाऱ्यांच्या सोसायट्या, सकाळी पांढऱ्या कपड्यांत देरासरला किंवा जैन स्थानकात जाणारी माणसं. मधे जुनं गाव आणि आमच्यासारख्या नोकरदारांच्या चार मजली इमारती. आणखी वर अप्पर आणि सुपर इंदिरानगर. नावं इंग्रजी, घरं पत्र्याची आणि दहा बाय दहाची. खाली ज्याच्या पाठीवरून पोतं उतरतं तो संध्याकाळी वर चढून घरी जातो.

माझे सासरे १९७२ च्या दुष्काळात माणमधून पुण्यात आले आणि भुसार बाजारात हमाल झाले. तेव्हा हा बाजार नाना पेठ-भवानी पेठेत होता, पुढे तो मार्केट यार्डात आला. क्विंटलचं पोतं त्यांनी तीस वर्षं उचललं. त्यांच्या मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधोमध, कातडी जाड होऊन तिला टाचेसारखी चकाकी आली होती. ज्या बाजारात त्यांनी पोती वाहिली त्याच बाजारात माझ्या जावयाच्या आजोबांचं डाळींचं दुकान होतं. एकाच गाळ्यांच्या रांगेत दोघांचं आयुष्य गेलं. एक गादीवर, एक पायरीवर.

म्हणून २०१४ मध्ये माझ्या मुलीने त्या घरातल्या मुलाचं नाव घेतलं तेव्हा आमच्याकडे जे झालं त्याला ‘संस्कृतींचा संघर्ष’ हे वर्तमानपत्री नाव पुरत नाही. दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, एकाच कंपनीत कामाला. त्यांच्यात काहीच वेगळं नव्हतं. वेगळं होतं ते सगळं आमच्यात.

पहिल्या भेटीला ती मंडळी आमच्या घरी आली ती संध्याकाळी सव्वासात वाजता. मी सकाळपासून राबले होते. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कांदाभजी. मांसाहारी काही करायचं नाही एवढं कळत होतं आणि तेवढ्यावर मी खूश होते. बटाटा हे कंदमूळ आहे, कांदा चालत नाही आणि सूर्य मावळल्यावर ती माणसं पाणीसुद्धा घेत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं त्यांच्या शेजारी राहून माहीत नव्हतं! ट्रे तसाच राहिला. पाण्याचे सहा पेले तसेच राहिले. त्यांच्याकडच्या बाई हात जोडून म्हणाल्या, “अहो, सूर्यास्तानंतर आम्ही काही घेत नाही, गैरसमज नका करून घेऊ.” पण सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. पाहुणे गेल्यावर त्यांनी एक वाक्य उच्चारलं आणि त्या आत गेल्या. “घोटभर पानी बी न्हाई पेली मानसं.”

ते वाक्य दोन वर्षं आमच्या घरात राहिलं. आमच्याकडे पाणी न पिता कुणी उंबऱ्यातून परत जाणं म्हणजे काय, ते गावाकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सासऱ्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. त्यांना वाटलं, हमालाचं घर म्हणून. दुकानात तहान लागली की हमालांसाठी वेगळा पेला असायचा, असा एक काळ त्यांनी पाहिला होता. पलीकडच्या घरात त्याच रात्री काय बोलणं झालं ते मला फार नंतर कळलं: लग्नाची बोलणी करायला बोलावलं आणि पुढ्यात कांदा ठेवला, म्हणजे ही माणसं आपल्याला काय समजतात?

‘एलिमेंटल’मध्ये वेड पहिल्यांदा एम्बरच्या दुकानात बसतो आणि तिचे वडील त्याच्यापुढे तापलेल्या कोळशाचे दाणे ठेवतात. पाण्याचा मुलगा ते गिळतो, आतून उकळतो, तरी हसत राहतो. प्रेक्षागृहात मुलं खदखदून हसली. मी दादीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. आम्हा दोघींना कांदाभजी आठवली होती.

त्याहून खोल जाणारा प्रसंग पुढे आहे. एम्बर वेडच्या घरी जेवायला जाते. पाण्याने भरलेलं आलिशान घर, कलावंत माणसं, जराशाने डोळ्यांत पाणी आणणारी, मनाने मोकळी. तिथे वेडचे काका अगदी प्रेमाने तिला म्हणतात, तुझं बोलणं किती स्पष्ट आहे! ती याच शहरात जन्मलेली, हीच भाषा बोलत मोठी झालेली. तिची ज्योत क्षणभर वर उसळते आणि ती उत्तर देते, जन्मभर एकच भाषा बोललं की असं होतं. आमच्या मुलीच्या स्वागत समारंभात माझ्याच माहेरचे एक वडीलधारे जावयाचा हात हातात घेऊन म्हणाले होते, “तुमचं मराठी किती स्वच्छ आहे हो!” तो मराठी शाळेत दहावी झालेला. त्याच्या पणजोबांची जमीन नगर जिल्ह्यात. आणि त्याच संध्याकाळी पलीकडच्या कुणा बाईंनी माझ्या मुलीच्या गालावर बोटं मोडत म्हटलं, “तू त्यांच्यातली वाटतच नाहीस.” दोन्ही वाक्यं कौतुकाची होती. पुण्यात असं कौतुक ज्याने ऐकलं नाही असा माणूस या बाजूच्या घरांत तरी मला भेटला नाही. या लेखासाठी मी आमच्या भागातल्या अशा मिश्र लग्नांच्या काही घरांत जाऊन बसले, तिथे जातधर्मावरून झालेली मोठी भांडणं कमी आठवत होती; ‘वाटत नाहीस’ हे दोन शब्द मात्र सगळ्यांना तारीखवार आठवत होते. शिवीला उत्तर देता येतं. कौतुकाला हसावं लागतं आणि ते हसू जन्मभर पुरतं.

घराघरांतलं हे भांडण सोपं करून दाखवणारे चित्रपटही आहेत. ड्रीमवर्क्सचा ‘द क्रूड्स: अ न्यू एज’ २०२० चा. गुहेत एकावर एक ढीग करून झोपणारं क्रूड कुटुंब आणि भिंत बांधून, प्रत्येकाला वेगळी खोली करून राहणारं बेटरमन कुटुंब. बेटरमनांना आपल्या मुलीसाठी क्रूडांकडचा मुलगा हवा असतो, म्हणजे सरळ स्थळावरूनच वाद. केळी खायची नाहीत असा बेटरमनांचा नियम, आणि क्रूड बाप रागाच्या भरात नेमकी तीच खातो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘जिन्यात चपला ठेवू नयेत’ असं लिहिलेलं वाचून ज्याच्या कपाळाची शीर तडतडली आहे त्याला हा चित्रपट कळतो. पण पुढे सगळ्यांवर एकच संकट कोसळतं आणि सगळे एक होतात. आमच्याकडे असं संकट आलं नाही. आमच्यासारख्यांना संकटाशिवायच एकमेकांकडे जावं लागतं.

आपल्याकडे ॲनिमेशनची सुरुवातच काडीपासून झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा आगपेटीतल्या काड्या हलवून केलेला छोटा चित्रपट बनवला होता. पुढे १९७४ मध्ये विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आला. फिल्म्स डिव्हिजनने केलेल्या त्या चित्रपटाचं ॲनिमेशन भीमसेन यांचं. माझ्या पिढीने तो दूरदर्शनवर इतक्यांदा पाहिला की त्यातले पक्षी आमच्या घरचेच झाले. मला तो आजही आवडतो. मात्र त्यात कुणाचंही स्वयंपाकघर दिसत नाही. वेगवेगळ्या पोशाखांतली मुलं हात धरून गोल फिरतात, मग आपापल्या घरी जाऊन काय जेवतात, कुणाच्या घरी पाणी पितात, हा प्रश्न तिथे नाही. गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये तो आहे. २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ याच चित्रपटाने झाला. मध्य प्रदेशातून पळून मुंबईत आलेली कमला आणि काश्मीरमधून आलेला सलीम. ती गजरे विकते आणि रात्री बारमध्ये नाचते, तो गुलाब विकतो. हिंदू मुलगी, मुसलमान मुलगा, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, शेजारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या डिसोझाबाई. एकेक चित्र हाताने रंगवलेलं, रस्त्याचा ओलेपणासुद्धा रंगात उतरलेला. त्यात भांडणाचा आवाज फारसा नाही. दोघांमधला रस्ता ओलांडायचा राहतो, एवढंच.

आता ‘एलिमेंटल’मधलं मला न पटलेलं. आग आणि पाणी एकमेकांना खरोखर मारतात. एम्बर वेडच्या जवळ गेली तर तो उकळून नाहीसा होईल, तो जवळ आला तर ती विझेल. म्हणजे आईवडिलांची भीती निसर्गातच आहे. पिक्सारच्या चित्रकारांनी ही दोन माणसं उभी करायला अपार कष्ट घेतले. ज्वाळा फार खरी दिसली तर जळणारं माणूस वाटतं आणि फार घट्ट केली तर प्लॅस्टिकचं खेळणं, या दोन टोकांमधून त्यांनी एम्बर काढली. काम थोर आहे. पण चित्रपट सुटल्यावर रिक्षात नातीने विचारलं, “आजी, मग मी काय? वाफ?”

दादी बाहेर बघत राहिली. मी नातीला जवळ ओढून घेतलं, उत्तर मला पटकन देता आलं नाही. नात कुठल्याच अर्थाने दोन वेगळ्या द्रव्यांची झालेली नाही. तिचे दोन्ही पणजोबा एकाच बाजारात धान्याच्या धुळीने खोकले. आमच्यातला फरक निसर्गाने केलेला नाही, माणसांनी केला आहे, आणि माणसांनी तो पाण्यावरच केला.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ते घर मार्केट यार्डापासून फार लांब नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसं चालत गेली. माझ्या सासऱ्यांच्या युनियनचे, हमाल पंचायतीचे बाबा आढाव १९७२ पासून ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरत होते. त्याच वर्षी सासरे गाव सोडून आले. एकदा, त्या न प्यायलेल्या पाण्याचं दुःख घरात ताजं असताना, सासरे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “आपल्या आडावर म्हारवाड्यातली बाई आली की आपली आई दुरून घागरीत पानी ओतायची. म्या बघितलंय.” सासूबाई गप्प झाल्या. घोटभर पाण्यासाठी दुखावलेल्या आमच्या घराने स्वतः किती जणांना दुरून पाणी ओतलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. मला वाटतं आमच्या घरातली गाठ तिथे सुटायला लागली. वरवर आम्ही अपमान झालेले होतो. आत कुठे तरी आम्हाला ते पाणी ओळखीचं होतं.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. ती कचेरीच्या फळ्यावर लागते आणि कुणीही येऊन वाचतं. ते तीस दिवस मी विसरणार नाही. दोन्ही घरांत रोज कुणाचा ना कुणाचा फोन. तेवढ्या दिवसांत किती जणांनी आम्हाला शहाणपण सांगितलं! भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या पाहणीत देशातल्या आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघालं. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत ६४ टक्के लोक म्हणाले की आपल्या समाजातल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे. ‘सैराट’ २०१६ चा, त्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शेवटासारख्या खऱ्या बातम्या आपण याच राज्यात वाचतो. एम्बरच्या बापाने नुसता अबोला धरला. आमच्याही घरात अबोलाच होता. आम्ही नशीबवान आहोत हे मी जाणून आहे, आणि ज्यांच्या पोरीबाळी त्या पाच टक्क्यांत गेल्या आणि परत आल्या नाहीत त्यांच्यापुढे आमच्या कांदाभजीच्या गोष्टी लहान आहेत.

चित्रपटात एक नमस्कार आहे. आगीच्या लोकांचा सर्वांत मोठा नमस्कार, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. बर्नी फायरलँड सोडताना आपल्या वडिलांना तो करतो. वडील उलटून तो करत नाहीत, पाठ फिरवतात. देश सोडलास तर तू तू राहणार नाहीस. तो न मिळालेला नमस्कार बर्नी जन्मभर उरात घेऊन दुकान चालवतो. शेवटी एम्बर दूरच्या शहरात शिकायला निघते, बोटीच्या धक्क्यावर वळते आणि बापाला तो नमस्कार करते. आणि बाप तिला उलट करतो. थिएटरमध्ये त्या क्षणी दादीने माझा हात धरला. आम्हा दोघींना दुसरा एक नमस्कार आठवत होता.

२०१६ चं पर्युषण. त्या वेळपर्यंत लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि दोन्ही घरं मुलीच्या तोंडूनच एकमेकांशी बोलत होती. संवत्सरीनंतर जैन माणसं घरोघर जाऊन वर्षभरात कळत-नकळत झालेल्या दुखावण्याची क्षमा मागतात. मारवाडीत त्याला खमतखामणा म्हणतात. लहान मोठ्याला म्हणतो, मोठाही लहानाला म्हणतो, मालक नोकरालासुद्धा म्हणतो. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांचे वडील, म्हणजे जुने शेठ, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत तीन मजले चढून आलेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

सासरे खुर्चीत बसले होते. शेठ दारात दिसताच ते उठून उभे राहिले. तीस वर्षांची सवय, गादीसमोर हमाल बसत नाही. शेठ चालत त्यांच्यापर्यंत आले, काठी भिंतीला लावली, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकले. “खमतखामणा.” सासऱ्यांना कळेना काय करावं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग शेठच्या डोक्यावरच्या पांढऱ्या विरळ केसांकडे, मग त्यांनी शेठचे दोन्ही खांदे धरले, आणि स्वतःही वाकले. म्हातारी डोकी एकमेकांना जवळजवळ लागली. कोण कुणाला उठवतंय हेच कळेना. विहीणबाई माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाल्या, “ब्याणजी, त्या दिवशी पाण्याचं…” पुढचं त्यांना बोलता येईना. व्याही आणि ब्याईजी, विहीण आणि ब्याणजी, शब्द एकाच घरातले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

सकाळ होती, सूर्य वर होता. मी पेले भरले. शेठनी पाणी घेतलं. व्याह्यांनी घेतलं. विहीणबाईंचा त्या दिवशीही काही नेम होता, त्यांनी पेल्याला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि ट्रेमध्ये परत ठेवला. सासूबाईंनी ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. शेठ त्यानंतर दीड वर्षाने गेले, सासरे करोनाच्या वर्षी. दोघांनाही पणती हातात घेता आली. दोघांचीही ती पणतीच होती.

सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. आमच्या फ्रिजमध्ये वरचा कप्पा मुलगी आणि जावई येतात तेव्हासाठी रिकामा असतो, आणि मुलगी तिकडे कांद्याची आठवण काढत नाही असं मला सांगते तेव्हा ते खरं नाही हे मला कळतं. नात अंडं खाते की नाही हा विषय दोन्ही घरांत कुणी काढत नाही. विहीणबाई आमच्याकडे येतात तेव्हा पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली असते. सात वर्षं मी ती बाटली पाहत आले. पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत खुपायची. आता ती टेबलावर असते, चष्म्याच्या डबीसारखी.

यंदाच्या पर्युषणात त्यांनी अठ्ठाई केली, आठ दिवसांचा उपवास. त्यात उकळून निववलेलं पाणी तेवढं चालतं, तेही दिवसा. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या आमच्या दारात उभ्या. हातात स्टीलचं मोठं पातेलं, त्यात त्यांच्या घरचं गाळलेलं पाणी. सिलिंडर संपला होता, दुसरा आला नव्हता, जावई बंगळूरला आणि माझी मुलगी रात्रपाळीहून यायची होती. तीन दिवस अन्न नाही, तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती. मी ओट्याकडे धावले. मधल्या शेगडीवर आदल्या रात्रीची कढई होती, तिच्यात मी वाटण भाजलं होतं. मी ती उचलली, शेगडी पुसायला फडकं शोधू लागले. त्या म्हणाल्या, “राहू द्या हो. आगीला काय होतंय?”

पातेलं त्यांनी स्वतः चढवलं. मी गॅस पेटवला. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो. खिडकीच्या काचेवर हळूहळू वाफ धरली आणि खालचं अप्परकडे जाणाऱ्या बसचं लाल-निळं काहीसं पुसट झालं. पाण्याला तीन उकळ्या यायला हव्या असतात, त्यांनी ते मला आधीच सांगितलं होतं, मी मोजत होते. पहिली उकळी आली तसं पाणी उडू लागलं.

“झाकण आहे का?” त्यांनी विचारलं.

मी मांडणीवरची ताटली काढून दिली. रोजची, आमच्या रविवारची. त्यांनी ती हातात धरून ठेवली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, आणि पातेल्यावर झाकली.